दार कोणाच्या वाट्याला?

कुरुदमध्ये कुणी घर बांधायला काढलं की आधी उभे राहतात ते खांब. नऊ किंवा बारा खांब, त्यांच्यावर स्लॅब, आणि स्लॅबच्या वर आभाळाकडे तोंड करून राहिलेल्या सळया. पुढेमागे वर मजला चढवता आला तर असावा, या हिशेबानं त्या कापलेल्या नसतात. भिंतींचा अजून पत्ता नसतो. अशा सांगाड्यात उभं राहिलं की घर एखाद्या मंडपासारखं दिसतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर मिस्त्री तो प्रश्न विचारतो: हॉल आणि किचन ओपन ठेवायचं का?

हे कुरुद धमतरीजवळच्या कुरुदहून वेगळं. हे भिलईचं, दुर्ग जिल्ह्यातलं. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग आणि हमरस्ता ओलांडून उत्तरेला गेलं की सुपेला, कोहका आणि मग हे. मूळचं धानाच्या बांध्यांचं गाव. आता कोहका-कुरुद रस्त्यावर इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि जुन्या खपरेली घरांच्या पाठीला पाठ लावून नव्या कॉलन्या उभ्या आहेत. भिलईला सगळे ‘मिनी इंडिया’ म्हणतात. त्या इंडियात मराठी माणूस पहिल्यापासून आहे, आणि त्याचं नवल वाटायचं कारण नाही. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या दिवशी भिलई ज्या मध्य प्रदेशात होतं, त्याची राजधानी नागपूर होती. त्याच्या दोनशे वर्षं आधीच छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला होता.

मिस्त्रीच्या प्रश्नाचा आणि कारखान्याचा संबंध मात्र त्याहून जवळचा आहे. भिंत काढता येते, कारण छत भिंतीवर उभं नसतं. ते खांबांवर असतं आणि खांबांत पोलाद असतं. ल कॉर्ब्युझिए या स्विस-फ्रेंच वास्तुकारानं १९१४ साली ‘डॉम-इनो’ नावाचा एक सांगाडा कागदावर काढला. त्यात काँक्रीटच्या तीन फरश्या, सहा खांब आणि एक जिना, एवढंच होतं. भिंत हवी तिथे उभी करा, नको असेल तर करू नका. पुढं त्यानं याला ‘मुक्त आराखडा’ म्हटलं आणि तो जगभर गाजला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तिथं रेल्वेचे रूळ बनतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथं घरबांधणीच्या सळयाही बनतात. कुरुदच्या प्लॉटवरचा बिनभिंतीचा सांगाडा हा डॉम-इनोचा चुलतभाऊच म्हणायचा, आणि त्याचं हाड कदाचित पाच-सात किलोमीटरवरच ओतलेलं असतं.

गंमत अशी की हे पोलाद ओतणारी माणसं स्वतः राहिली ती जाड विटांच्या क्वार्टरांत. सेक्टरांमधली ती दोन मजली घरं भिंतींवर उभी. एक बैठकीची खोली, एक-दोन निजायच्या, मागं स्वयंपाकघर, अंगण. प्रत्येक खोलीला चौकट आणि चौकटीला पल्ला. खेड्यातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी आतली दारं एवढ्या संख्येनं तिथंच पहिल्यांदा पाहिली असतील. आता त्यांचीच मुलं निवृत्तीच्या आसपास कुरुद-कोहक्याकडे प्लॉट घेऊन घर बांधतात तेव्हा नातवंडं म्हणतात, भिंती कशाला?

कुरुदच्या जुन्या घरांना हा प्रश्न पडला नसता. छत्तीसगडी घराला पुढं किंवा अंगणाकडेनं ‘परछी’ असते. झाडीपट्टीतल्या मराठी माणसाला ती बघताक्षणी कळते, कारण त्याच्याही घरी कवेलूंच्या उतारावर तशीच ओसरी असते. तिथंच पाहुणा बसतो, तिथंच धान निवडलं जातं, म्हातारी तिथंच दुपारी कलंडते, पोरं अभ्यासाचं नाटक करतात. बाजूला ‘रंधनी’, म्हणजे स्वयंपाकाची जागा. जनावरांचा कोठा, मळणीचा ‘ब्यारा’, मागे भाजीची ‘बारी’. भिंती मातीच्या, छुहीनं म्हणजे पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या. आजच्या भाषेत हे ओपन प्लॅनच झालं. फरक एवढाच की उघडी असलेली जागा घराच्या कडेला होती. पोटात जे होतं ते झाकलेलं, अंधारं आणि बाईमाणसाच्या ताब्यातलं होतं. ताब्यातलं की वाट्याचं, हा वाद इथंच सुरू होतो.

मराठी वाड्याचं वर्णन करताना लेखकांची लेखणी चौकातल्या उन्हापाशी रेंगाळते. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, सोपा हे सगळं मोकळं, एकातून एक उलगडत जाणारं असतं. हे कौतुक खरं आहे, पण ते पुरुषाच्या पायांनी चालत गेलेलं कौतुक आहे. बाहेरचा माणूस सोप्यापर्यंत आला की थांबायचा. त्याच्या पलीकडे माजघर, आणि माजघरात दिवसाही समई लागे असा उजेड. बाळंतिणीची खोली तर बहुधा बिनखिडकीची. नागपूरच्या महालातल्या चिटणीस वाड्यासारखे जे थोडे वाडे आज बघता येतात, तिथं समोरच्या चौकातून आत जाताना उजेड कसा पायरीपायरीनं कमी होतो ते अंगाला जाणवतं. मोकळेपणा होता, पण तो सगळ्यांना सारखा नव्हता. ज्याचा मान मोठा त्याला उजेड जास्त, आणि आडोसा हवा तेव्हा आडोसाही.

कचेरीचंही तेच. ‘फड’ हा शब्द मराठीत कुठं कुठं लागतो ते बघण्यासारखं आहे: उसाचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड आणि पेशव्यांच्या दफ्तराचा फड. माणसं एकत्र जमून एकाच मोकळ्या जागेत राबतात, तो फड. पुण्याच्या हुजूर दफ्तरात उत्तर पेशवाईत दोनशेहून अधिक कारकून होते. मांडी घालून, पुढ्यात उतरतं मेज घेऊन, ओळीनं बसलेल्या या माणसांना कुणी ‘ओपन ऑफिस’ म्हणालं नाही. कुणाच्या रुमालात कुठला कागद आहे हे शेजाऱ्याला दिसे, आणि वरिष्ठाला सगळेच दिसत. वरिष्ठ मात्र खलबतखान्यात जाऊ शकत होता.

युरोप-अमेरिकेनं हाच फड एकशेवीस वर्षांपूर्वी नव्यानं शोधला. फ्रँक लॉइड राइटनं बफेलो शहरात लार्किन कंपनीसाठी १९०६ साली जी इमारत पुरी केली, तिच्या मधोमध वरून उजेड येणारं मोठं प्रांगण होतं आणि तळाशी रांगेनं मेजं. १९५० साली ती पाडली गेली, पण तोवर ती पद्धत रूढ झाली होती. मग पश्चिम जर्मनीत श्नेले नावाच्या दोन भावांनी रांगा मोडल्या. कुंड्या, बुटके पडदे आणि वाकड्यातिकड्या मेजांची ‘कार्यालयीन निसर्गभूमी’ मांडली. त्यात साहेबालाही खोली नको, असा समतेचा विचार होता. विचार चांगला होता. तो अमेरिकेला पोचेपर्यंत समता गळून पडली आणि स्वस्ताई उरली. दर माणशी जागा कमी लागते, हे एकदा हिशेबनिसाच्या लक्षात आलं की बाकीचे विचार फार टिकत नाहीत. रॉबर्ट प्रॉप्स्टनं हर्मन मिलर कंपनीसाठी १९६४ मध्ये आणि सुधारून १९६८ मध्ये ‘अॅक्शन ऑफिस’ आणलं. माणसाला हवा तेवढा आडोसा स्वतःच उभा करता यावा, म्हणून त्यातले हलते पडदे होते. कंपन्यांनी ते पडदे काटकोनात घट्ट बसवले आणि त्यातून क्युबिकल जन्माला आलं. आपल्या कल्पनेचं काय झालं ते पाहून प्रॉप्स्ट हयात असतानाच हळहळला.

मोकळ्या कार्यालयाच्या बाजूनं एकच दावा सगळीकडे केला जातो: माणसं एकमेकांशी बोलतात. तो तपासायचं इथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी ठरवलं. दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांची मुख्यालयं भिंती पाडून मोकळी होत होती. कर्मचाऱ्यांच्या गळ्यात कोण कुणाशी समोरासमोर किती बोलतं ते टिपणारी यंत्रं अडकवून त्यांनी आधीचं आणि नंतरचं मोजलं. २०१८ साली निष्कर्ष छापून आले. समोरासमोरचं बोलणं सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं आणि इमेल वाढली. बटाट्याच्या चाळीपासून पुढं कुठल्याही चाळीत राहिलेल्या माणसाला हे सांगायला यंत्र लागलं नसतं. सगळे ऐकत असतील तर माणूस बोलत नाही, चिठ्ठी लिहितो. सिडनी विद्यापीठाच्या किम आणि डी डिअर यांनी त्याआधी, २०१३ मध्ये, ३०३ इमारतींतल्या ४२ हजारांहून अधिक उत्तरांचा हिशेब मांडला होता. मोकळ्या मांडणीत संवाद सोपा होतो हा फायदा, गोंगाट आणि खाजगीपणा गमावणं या तोट्यापुढे तोकडा पडतो, असं त्यात दिसलं.

मार्च २०२० मध्ये सोलच्या गुरो भागातल्या एका कॉल सेंटरनं आणखी एक हिशेब दाखवला. अकराव्या मजल्यावर २१६ माणसं काम करत होती; त्यांतल्या ९४ जणांना करोना झाला, आणि बाधित माणसांची मेजं बहुतेक एकाच बाजूच्या दालनात दाटीनं होती. त्यानंतर काही महिने हिंजवडीपासून हैदराबादपर्यंतचे मोकळे मजले खरोखरच मोकळे पडले, आणि तिथली माणसं आपापल्या घरच्या हॉलमध्ये, डायनिंग टेबलावर, गॅलरीत, कुठंकुठं न्हाणीघराच्या दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. ओपन ऑफिसमधून सुटका झाली, आणि माणसं थेट ओपन किचनसमोर येऊन पडली. मीटिंग चालू असताना मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली की नवऱ्याचा चेहरा कसा होतो, हे त्या वर्षी अनेक बायकांनी पाहिलं. आणि तिचीच मीटिंग असेल तर शिट्ट्या मोजायच्या कुणी, हाही प्रश्न त्याच वर्षी नीट उभा राहिला.

सरकारी कचेरीत हे सगळं आणखी उघड दिसतं. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटलेली आग वर चढत गेली, पाच माणसं गेली, कागदपत्रांची राख झाली. तोवर तिथं लाकडी पार्टिशनं, फायलींच्या कपाटांच्या भिंती, त्या कपाटांवर आणखी फायली अशी दाटी होती. नूतनीकरणानंतर विभागांना मोकळं, बुटक्या पार्टिशनचं रूप आलं. आगीच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच. पण मंत्र्याच्या खोलीला मराठीत ‘दालन’ म्हणतात, आणि दालनाला दार राहिलं. कक्ष अधिकाऱ्याच्या मेजाशी कोण येऊन काय कुजबुजलं ते आता साऱ्या मजल्याला दिसतं. वर काय बोललं गेलं ते पूर्वीइतकंच दिसत नाही.

घराकडे परत येऊ. दार कुणालाच नसेल तर काय होतं, याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लांबलेला प्रयोग मराठी माणसानंच केला आहे. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. ती बांधलेली होती काँक्रीटची, म्हणजे काळाच्या मानानं अगदी आधुनिक. त्या एका खोलीत स्वयंपाक, देव, निजणं, बाळंतपण, मुलाचा मॅट्रिकचा अभ्यास. खऱ्या अर्थानं ओपन प्लॅन तो हा. त्यात आडोसा निर्माण झाला तो वेळेनं आणि कापडानं. पहाटे पुरुष पॅसेजमध्ये जाऊन बसत तेवढ्यात बायका आवरून घेत. कोपऱ्यातल्या मोरीला कमरेइतका कठडा आणि वर ओढायला लुगड्याचा पडदा. नवीन लग्न झालेल्यांना पोटमाळा, आणि बाकीच्यांना न ऐकण्याची सवय. पॅसेज हा खोलीचाच भाग धरला गेला होता, म्हणून ते निभावलं. वरळीच्या चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडून चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. किल्ली बाहेरच्या दाराची असते. पण शंभर वर्षांनी मिळालेली खरी नवी वस्तू म्हणजे निजायच्या खोलीचं दार. टॉवरमधल्या सदनिका दाखवायला येणाऱ्या सल्लागारानं या घरांत ‘हॉल-किचनमधली भिंत पाडून मोठं वाटेल’ असं सुचवून बघावं.

भिंत न घालता आडोसा देता येतो, हे चार्ल्स कोरिया यांनी दाखवलं होतं. गोमंतकीय वंशाच्या या मुंबईकर वास्तुकारानं गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी ‘ट्यूब हाउस’ आखलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत ते उभं राहिलं. सुमारे बारा फूट रुंद आणि साठ फूट लांब अशी ती नळी. आत दारं जवळपास नाहीत. उतरत्या छपराखालून गरम हवा वर सरकून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. खाजगीपणा मिळतो तो जमिनीच्या पातळ्या खालीवर ठेवून: चार पायऱ्या चढलं की आपण वेगळ्या खोलीत. मे महिन्यात भिलईचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तिथं या घरात पंख्यावर भागलं असतं. पण त्याची नक्कल फारशी झाली नाही, आणि १९९५ साली मूळ घरही पाडलं गेलं. आजच्या कॉलनीतलं ओपन घर याच्या अगदी उलट चालतं. हॉल, जेवणघर आणि स्वयंपाकघर एक झालं म्हणजे एसीला तिन्ही जागा गार कराव्या लागतात, त्यातल्या एकीत गॅस पेटलेला असताना.

आणि आवाज. हार्वर्डमध्ये वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला १८९५ साली सांगण्यात आलं की एका व्याख्यानगृहात काहीच नीट ऐकू येत नाही, बघ. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून तिथं न्यायचा, घुमणारा आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा आणि पहाटे गाद्या परत ठेवायचा. त्यातून घुमणुकीचं गणित निघालं. जागा जितकी मोठी आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या कमी, तितका आवाज रेंगाळतो. परछीतली सारवलेली जमीन, मातीची भिंत, वलणीवरची लुगडी आणि गोधड्यांचा ढीग हे सगळं आवाज पिऊन टाकायचं. व्हिट्रिफाइड टाइल, काच आणि पुट्टी लावलेली भिंत तो परत फेकते. म्हणून मिक्सर लागला की टीव्हीचा आवाज वाढतो, टीव्ही वाढला की फोनवरचा माणूस ओरडू लागतो, आणि दहावीतली मुलगी वह्या उचलून गच्चीवर जाते.

फोडणीवर तर वेगळा अध्याय लिहावा लागेल. ओपन किचनची चित्रं ज्या मासिकांतून आली, तिथं तव्यावर फार तर अंडं पडतं. इथं कढईत तेल धुरावेपर्यंत तापवायचं, मोहरी तडतडवायची, हिंग, सुकी मिरची. तेलाचे बारीक कण हवेत उडतात आणि सोफ्याच्या कापडात जाऊन बसतात. चिमणीचा धूर नळीनं बाहेर काढला असेल तर ती बऱ्यापैकी काम करते. पण नळी स्लॅबखालून हॉलभर फिरलेली दिसते म्हणून ‘डक्टलेस’ चिमणी बसवतात. ती हवा कोळशाच्या जाळीतून गाळून पुन्हा घरातच सोडते. जाळी बदलायची विसरलात की ठसका तिथल्या तिथं. मार्गारेटे श्यूटं-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे प्रसिद्ध स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं आणि बंद होतं. बाईची पावलं वाचावीत म्हणून त्यांनी हालचाली मोजल्या होत्या. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. बाई एकटी कोंडली गेली, अशी टीका पुढं त्यावर झालीच. पण बैठकीच्या खोलीकडे त्याला एक रुंद सरकतं दार होतं, हे टीकाकार बरेचदा विसरतात. मुलांवर नजर ठेवायची असेल तर ते उघडायचं, नको असेल तेव्हा बंद. उघडायचं कधी हे आत उभी असलेली ठरवणार.

हॉलमध्ये पाहुणे बसलेले असताना ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेला विचारावं. ओपन किचनमुळं तिला गप्पांत भाग घेता येतो, असं सांगतात, आणि काही घरांत ते खरंही आहे. तिथं नवराही ओट्यापाशी दिसतो. बाकीच्या घरांत तिला गप्पा ऐकू येतात, आणि तिची खरकटी भांडी सगळ्यांना दिसतात.

भिंत पाडायची हौस काही वेळा जीवावर उठते, हेही सांगितलं पाहिजे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेला साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत फेरबदलाचं काम चालू होतं, आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. भिलईच्या जुन्या सेक्टरांतली घरं तर भिंतींवरच उभी आहेत. तिथं मधली भिंत म्हणजे पडदा नव्हे, खांबच.

कुरुदच्या सांगाड्यात मात्र हा धोका नाही. तिथं विटेची भिंत घातली काय, न घातली काय, स्लॅबला फरक पडत नाही. म्हणून मिस्त्रीच्या प्रश्नाला आता एक तिसरं उत्तर ऐकू येऊ लागलंय. भिंत नको, पण हॉल आणि किचनच्या मधल्या बीममध्ये आणि खालच्या फरशीत सरकत्या दाराची अॅल्युमिनियमची पट्टी आत्ताच बसवून ठेवा. दार नंतर बघू. टाइलवाला कुरकुरतो, कारण पट्टीसाठी टाइल मधोमध कापावी लागते. हिशेबाची वही पुढं होते, आणि त्यात ‘किचन – चॅनल – नऊ फूट’ अशी एक ओळ वाढते.